भाड्याचे घर घेताना: दलाली, टोकन, डिपॉझिट आणि करारातली कलमे

पुण्या-मुंबईत भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात की भाड्याचा आकडा पहिल्या पाच मिनिटांत कळतो. दलाली किती आणि ती कोणत्या दिवशी द्यायची, टोकन कधी बुडते, पेंटिंगचे पैसे कोण देणार, सहा महिन्यांत बदली झाली तर काय, हे प्रश्न मात्र चावी हातात येईपर्यंत लांबत राहतात. तोवर सामानाचा टेम्पो ठरलेला असतो, जुन्या घराची नोटीस संपत आलेली असते आणि माणूस समोर येईल त्या कागदावर अंगठा देऊन मोकळा होतो. म्हणून या लेखातली पावले घर बघायला निघण्याआधी वाचायची आहेत. महाराष्ट्रातल्या निवासी फ्लॅटचा लीव्ह अँड लायसन्स व्यवहार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरायचा परवाना देणारा करार, समोर ठेवून ती लिहिली आहेत.

दलालीचे बोलणे घर बघण्याआधी

भाड्याच्या व्यवहारात दलाली किती असावी हे कुठल्याही कायद्याने ठरवलेले नाही. रेरा या स्थावर मालमत्ता क्षेत्राच्या नियमन कायद्यातली एजंटची व्याख्या खरेदी-विक्रीपुरती आहे. त्यामुळे निव्वळ भाड्याने घरे दाखवणाऱ्याला महारेराची, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही, आणि त्याच्या दलालीवर महारेराचे नियंत्रणही नाही. उरतो तो रिवाज. मुंबईत अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचे भाडे हा रुळलेला दर आहे. पुण्यात भागाप्रमाणे पंधरा दिवस ते एक महिन्याचे भाडे मागतात. करार दोन-तीन वर्षांचा असला की काही जण जास्त सांगतात. हे सगळे दर बोलून खाली येतात, विशेषतः फ्लॅट बरेच दिवस रिकामा पडला असेल तर.

फोनवरच पाच गोष्टी विचारून घ्या, आणि बोलणे झाले की व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा.

१. दलाली किती, आणि ती कशावर मोजणार? भाडे २२,००० आणि मेंटेनन्स ३,००० वेगळा असेल, तर काही जण २५,००० वर मोजतात. दलाली निव्वळ भाड्यावर, असे स्पष्ट ठरवा.

२. जीएसटी धरून की वेगळा? १८ टक्के जीएसटी फक्त जीएसटी नोंदणी असलेला एजंटच लावू शकतो. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्या अनेकांकडे ती नसते. २५,००० दलालीचे २९,५०० मागितले तर जीएसटी क्रमांक छापलेले बिल मागा. क्रमांक नसेल तर वरचे ४,५०० देऊ नका.

३. पैसे कधी? योग्य वेळ एकच: करार नोंदवला गेला आणि चावी मिळाली, त्यानंतर. काही एजंट टोकनच्या दिवशी अर्धी दलाली मागतात. व्यवहार फिसकटला की ती परत मिळवायला तुम्हालाच फेऱ्या घालाव्या लागतात.

४. रिन्यूअलला पुन्हा दलाली आहे का? अकरा महिने संपले की अर्ध्या महिन्याचे भाडे मागायची पद्धत बऱ्याच ठिकाणी पडली आहे. सुरुवातीला ठरलेली नसेल तर ती देण्याला तुम्ही बांधलेले नाही. अडचण अशी की घरमालक परदेशी किंवा परगावी असला की सगळा कारभार एजंटच बघतो आणि त्याच्याशी वाईटपणा घेणे जड जाते. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा तो यासाठी.

५. दुसरा एजंट आहे का? बाजारात 'साइड बाय साइड' म्हणतात तो प्रकार हाच: मालकाचा एजंट मालकाकडून घेतो, भाडेकरूचा भाडेकरूकडून. प्रत्यक्षात मालकाचा एजंटही हळूच तुमच्याकडे हात पुढे करतो. 'मी एकालाच देणार, आपसात वाटून घ्या' हे वाक्य इथे चालते, पण घर बघायच्या आधी म्हटले तरच.

एकच फ्लॅट दोन एजंटांनी दाखवला तर दलाली कोणाची, यावर भांडणे होतात. रिवाजाने ज्याने पहिल्यांदा दाखवला त्याची. तारीख, सोसायटी आणि फ्लॅट क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा आणि दुसऱ्याने तोच सांगितला की लगेच 'हा पाहिलेला आहे' असे कळवा. एजंटने दाखवलेल्या घराचा मालक परस्पर गाठून दलाली वाचवायच्या भानगडीत पडू नका. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये तुमचे आणि एजंटचे नाव एकाच वेळेचे असते.

घर दाखवण्याचे पैसे, म्हणजे 'व्हिजिट चार्ज', 'फॉर्म फी' किंवा 'गेट पास', देऊ नका. नोंदणी शुल्क घेऊन 'पन्नास मालकांचे नंबर' देणारेही आहेत. त्यातली निम्मी घरे कधीच गेलेली असतात.

समोरचा खरा मालक आहे का

टोकन देण्यापूर्वी हे तपासायचे असते, आणि बहुतेक जण नेमके हेच सोडतात. सगळ्यात साधा कागद म्हणजे सोसायटीचे चालू महिन्याचे मेंटेनन्स बिल. त्यावर मालकाचे नाव, फ्लॅट क्रमांक आणि थकबाकी, तिन्ही एकत्र दिसतात. जोडीला खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) किंवा मालमत्ता कराची पावती मागा. नाव जुळले की मालकाच्या ओळखपत्राशी ताडून पाहा. वीजबिल एकटे पुरत नाही, कारण अनेक घरांत मीटर अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असतो.

फ्लॅट नवरा-बायकोच्या किंवा भावाभावांच्या नावावर असेल तर करारात सगळ्यांच्या सह्या हव्यात. मालक परदेशी असेल तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याकडे मुखत्यारपत्र असते. त्यात भाड्याने देण्याचा आणि करार नोंदवण्याचा अधिकार शब्दशः लिहिला आहे का, ते वाचा. 'मी त्यांचा मेव्हणा, सगळं मीच बघतो' म्हणणाऱ्याच्या खात्यात डिपॉझिट टाकू नका.

ऑनलाइन जाहिरातींतली एक फसवणूक वर्षानुवर्षे त्याच साच्यात चालू आहे. समोरचा स्वतःला सैन्यातला किंवा निमलष्करी दलातला अधिकारी म्हणवतो, बदली झाली आहे असे सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, भाडे बाजारापेक्षा बरेच कमी ठेवतो आणि घर न दाखवताच टोकन मागतो. मग एक क्यूआर कोड येतो: 'हा स्कॅन करा, रुपया तुमच्या खात्यात येईल, म्हणजे खातं जुळलं.' क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. घराच्या आत उभे राहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही, एवढे पाळले तरी हा धोका जवळजवळ संपतो.

टोकन देताना पाठवायचा मजकूर

टोकन म्हणजे मालकाने घर दुसऱ्याला दाखवायचे थांबवावे यासाठी दिलेली रक्कम. पाच-दहा हजार पुरतात. महिन्याभराचे भाडे टोकन म्हणून मागितले तर कमी करायला सांगा, कारण करारापर्यंत तुमच्या हातात या पैशांचा कागद नसतो. रक्कम मालकाच्याच खात्यात जावी. एजंट 'माझ्याकडे द्या, मी पोचवतो' म्हणाला तरी नको.

वाद जवळजवळ नेहमी एकाच मुद्द्यावर होतो: व्यवहार मोडला तर टोकन कोणाचे? त्यासाठी पैसे पाठवण्याआधी मालक आणि एजंट दोघांना असा संदेश टाका:

'नमस्कार. बी विंग, फ्लॅट ७०४ भाड्याने घेण्याबाबत आज ठरले ते असे. भाडे दरमहा २५,०००, सोसायटी मेंटेनन्स त्यातच धरलेला. डिपॉझिट ७५,०००. मुदत ११ महिने, १ तारखेपासून. लॉक-इन (करार मोडता न येण्याचा काळ) ६ महिने, दोन्ही बाजूंना. नोटीस १ महिना. हॉलमधला एसी आणि गीझर चालू करून देणार, बाथरूमची गळती दुरुस्त करून देणार. आज टोकन ५,००० पाठवत आहे, ते डिपॉझिटमधून वजा होईल. मालकांकडून किंवा सोसायटीकडून अडचण येऊन करार झाला नाही तर टोकन तीन दिवसांत पूर्ण परत. मी माघार घेतली तर टोकनवर माझा हक्क नाही. दलाली १२,५००, एकदाच, करार नोंदवून चावी मिळाल्यावर. मान्य असल्यास कळवावे.'

'मान्य' किंवा 'ओके' असे उत्तर आल्यावर पैसे पाठवा. यातले 'किंवा सोसायटीकडून' हे दोन शब्द महत्त्वाचे. एकट्या मुलामुलींना, मित्रांच्या गटाला, कुत्रा पाळणाऱ्यांना सोसायटीची कमिटी ऐनवेळी अडवते, आणि मग मालक म्हणतो, 'माझी तर काही हरकत नव्हती.' तेव्हा टोकन अडकते.

तुमच्याकडून कोणते कागद मागतील

आधार आणि पॅनच्या प्रती, पासपोर्ट आकाराचा फोटो, नोकरीचे ओळखपत्र किंवा ऑफर लेटर हे नेहमीचे. काही मालक पगारपत्रक मागतात. दाखवायला हरकत नाही, पण खात्याचे पूर्ण स्टेटमेंट द्यायचे कारण नाही. एजंटला सुरुवातीला आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या. ती आधारच्याच संकेतस्थळावरून उतरवता येते. प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहा: 'फक्त फ्लॅट ७०४ च्या भाडेकरारासाठी', खाली तारीख आणि सही. ही झेरॉक्स एजंटच्या दुकानात, सोसायटीच्या फायलीत, टायपिंगवाल्याच्या संगणकावर, अशी चार ठिकाणी राहते.

सोसायटीचा भाडेकरू माहिती फॉर्म वेगळा असतो. त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाडीचा क्रमांक, मूळ पत्ता मागतात. नंतर येऊन राहणारा भाऊ किंवा आई-वडील असतील तर त्यांची नावे आताच घाला. 'करारात नाव नाही' म्हणून गेटवर अडवण्याचे प्रकार पुढे टळतात.

सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) लागते असे सर्रास सांगितले जाते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सभासदाने फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट नाही. संस्थेला आधी कळवायचे आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची, एवढेच अपेक्षित आहे. तरीही तुमची सोसायटी कशी वागते हे मालकाला विचारून घ्याच. हक्क तुमच्या बाजूने असला तरी सामान गेटवर उभे असताना त्यावर वाद घालणे कुणालाच परवडत नाही.

मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था जो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेते, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. २००१ च्या शासन आदेशाने ही मर्यादा घातली आहे. तो सभासदाच्या बिलात येतो, म्हणून मालकाचा खर्च आहे. काही जण तो 'मेंटेनन्स' शब्दाखाली भाडेकरूवर ढकलतात. मेंटेनन्स वेगळा द्यायचा ठरला असेल तर बिलाचे सुटे आकडे पाहून मगच रक्कम पक्की करा.

एकूण किती पैसे लागतील

वरच्याच उदाहरणाने मोजू: पुण्यात भाडे २५,०००, डिपॉझिट ७५,०००, अकरा महिने.

डिपॉझिट ७५,०००, पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे २५,०००, दलाली १२,५०० ते २५,०००. करारनोंदणीचा सरकारी खर्च असा निघतो: संपूर्ण मुदतीचे भाडे २,७५,०००. त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेली रक्कम मिळवायची, म्हणजे अकरा महिन्यांचे ६,८७५. बेरीज २,८१,८७५. मुद्रांक शुल्क याच्या ०.२५ टक्के, सुमारे ७०५ रुपये. चलन काढताना पोर्टल जो पूर्ण आकडा दाखवेल तो भरायचा. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर दस्त हाताळणीचे काहीशे रुपये. म्हणजे सरकारजमा खर्च दोन हजारांच्या आसपास. एजंट 'अॅग्रीमेंटचे पाच हजार' म्हणाला तर उरलेले त्याची सेवा आणि घरी येऊन अंगठे घेण्याचे. तेही चालेल, पण चलनाच्या प्रती मागा. हा खर्च मालक-भाडेकरू निम्मा-निम्मा उचलतात, आणि तसे आधी बोललेले बरे.

आता हाच करार ३३ महिन्यांचा केला तर? एकच भाडे धरून मुद्रांक शुल्क सुमारे २,११४ आणि नोंदणी फी एकदाच १,०००, मिळून ३,११४. अकरा महिन्यांचे तीन करार केले तर ५,११५. फरक दोन हजारांचाच. खरी बचत दोनदा द्यावी लागणारी रिन्यूअलची दलाली टळते त्यात आहे: अर्ध्या महिन्याच्या हिशेबाने २५,०००. शिवाय भाडेवाढ आधीच लिहिली जाते, समजा दरवर्षी ५ टक्के, त्यामुळे दर वर्षाच्या शेवटी होणारी ओढाताण संपते. लॉक-इन सहा महिन्यांचाच ठेवला तर लांब मुदतीने तुम्ही अडकत नाही. नोकरी स्थिर असेल आणि घर आवडले असेल तर लांब करारच मागावा, असे आम्ही आवर्जून सांगू.

मुंबईत 'हेवी डिपॉझिट' हा आणखी एक प्रकार आहे: पाच-दहा लाख डिपॉझिट आणि नाममात्र भाडे किंवा शून्य भाडे. महिन्याचा खर्च वाचतो, पण मालकाची आर्थिक स्थिती बिघडली की तुमचे दहा लाख अडकतात. एकच फ्लॅट दोघा-तिघांना दाखवून रक्कम उचलण्याचे प्रकारही याच व्यवहारात होतात. घरावर गृहकर्ज आहे का विचारा, पूर्ण रक्कम बँकेतून मालकाच्याच खात्यात द्या आणि करारात व्यवहार क्रमांकासह लिहून घ्या.

डिपॉझिटचा काही भाग रोखीत द्या आणि करारात कमी आकडा दाखवू, असा आग्रह कुठेही झाला तर मागे फिरा. कागदावर नसलेली रक्कम परत मागायला आधार उरत नाही.

करार: अकरा महिने म्हणजे नोंदणी नको, हा समज चुकीचा

इतर बऱ्याच राज्यांत वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नसते, त्यावरून ही समजूत आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अटींवरून वाद झाला आणि नोंदवलेला करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. स्टँप पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणी आता घरबसल्या होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या पोर्टलवर माहिती भरतात, मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांचे फोटो व आधारशी जोडलेले अंगठे घेतात, शुल्क भरतात आणि दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. अंगठा दिला म्हणजे करार झाला असे अनेकांना वाटते. तसे नसते. नाव आधारप्रमाणे नाही, पत्ता अपुरा आहे, अशा कारणांनी दस्त परत येतो. दस्त क्रमांक आणि दुय्यम निबंधकाची डिजिटल सही असलेली पीडीएफ आली की मगच तो पूर्ण झाला. डिपॉझिटची मोठी रक्कम आणि दलाली त्या पीडीएफनंतरची. मालक आधी मागत असेल तर निम्मे अंगठ्याच्या दिवशी, निम्मे पीडीएफ आल्यावर, हा मधला मार्ग बहुतेकांना पटतो.

अंगठा देण्यापूर्वी मसुदा एक दिवस आधी मागा आणि ही कलमे शांतपणे वाचा.

लॉक-इन. नेहमीचा मसुदा असा असतो: 'भाडेकरूने पहिल्या सहा महिन्यांत जागा सोडल्यास उर्वरित काळाचे भाडे द्यावे लागेल.' मालकाने सोडायला लावल्यास काय, याबद्दल एक शब्द नाही. उलट पुढच्या कलमात मालकाला कधीही एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपवायची मोकळीक दिलेली सापडते. दुरुस्ती सुचवा: 'पहिले सहा महिने दोन्ही पक्षांना करार संपवता येणार नाही, भाडे थकणे किंवा अटींचा भंग यास अपवाद.' आणखी एक बारकावा: नोटीस लॉक-इनच्या आत देता येते का? सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला नोटीस देऊन महिनाअखेर निघता येईल, की सहा महिने संपल्यावर नोटीस द्यायची आणि सातवा महिनाही भरायचा? २५,००० चा फरक या एका ओळीवर आहे. बदलीची नोकरी असेल तर 'नोकरीच्या ठिकाणी बदली झाल्यास पुराव्यासह एक महिन्याच्या नोटिशीवर लॉक-इन लागू नाही' हे वाक्य मागून बघा.

पेंटिंग आणि सफाई. 'घर सोडताना पेंटिंगपोटी एक महिन्याचे भाडे कापले जाईल' असे छापील कलम असते. अकरा महिन्यांत भिंत मळते ती वापराने, आणि ही नैसर्गिक झीज आहे. येताना घर नव्याने रंगवलेले नसेल तर हे कलम काढायलाच सांगा. रंगवलेले असेल तर 'नैसर्गिक झीज वगळून प्रत्यक्ष नुकसान, बिल दाखवून' असा शब्द घाला. ठरावीक रक्कम मान्य करायचीच असेल तर आकडा लिहा, 'बाजारभावाप्रमाणे' नको.

दुरुस्ती. नळाचा वॉशर, बल्ब, एसीची सर्व्हिस भाडेकरूकडे; गळती, वायरिंग, गीझर जळणे, मोटर हे मालकाकडे. मालकाने सात दिवसांत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करून बिलाप्रमाणे भाड्यातून वळती करावी, अशी ओळ असली की पावसाळ्यात उपयोगी पडते.

डिपॉझिट परत कधी. 'जागा सोडल्यावर ३० दिवसांत' ऐवजी 'चावी परत देताना त्याच वेळी' असे हवे. अंतिम वीजबिल आले नसेल तर त्यापुरती दोन-तीन हजारांची रक्कम मागे ठेवावी, बाकी लगेच. उशीर झाल्यास वार्षिक व्याजाचा दर लिहून घ्या.

मुदत संपल्यावर. हे कलम भाडेकरू वाचत नाहीत. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जागा रिकामी करून मागू शकतो. तोंडी 'राहा अजून, करार नंतर करू' यावर महिनोन्महिने काढू नका.

फर्निचरची यादी करारातच येते. 'एसी १' असे न लिहिता कंपनी, टन आणि 'चालू स्थितीत' हे शब्द घाला.

भाडे दरमहा ५०,००० च्या पुढे असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस (भाड्यातूनच कापायचा प्राप्तिकर) कापून भरायचा असतो. मालक अनिवासी भारतीय असेल तर भाडे कितीही असो, टीडीएस लागतो आणि त्याचा दर बराच जास्त असतो. अशा वेळी अंगठ्याआधी सीएला विचारा. घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल आणि वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन लागेल. तो करारात आहे ना, पाहा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे मालकाचे काम आहे. ते पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवर फुकट होते. 'व्हेरिफिकेशनचे हजार रुपये' म्हणजे फॉर्म भरण्याची मजुरी. पोचपावतीची प्रत स्वतःकडे ठेवा.

चावी घेताना अर्धा तास

सामान आत येण्याआधी रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, छताचे कोपरे, सिंकखालची बाजू, दारांचे कुलूप, खिडक्यांच्या जाळ्या. सगळे नळ एकदम सोडा, फ्लश करा, गीझर दहा मिनिटे लावा, प्रत्येक प्लगमध्ये फोनचा चार्जर घालून बघा. वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो घ्या आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. विजेच्या मागच्या थकबाकीचे बिल पुढच्या महिन्यात तुमच्या दारात पडते, तेव्हा तारखेचा हा फोटोच उपयोगी पडतो. चाव्यांचे किती जोड मिळाले तेही लिहा.

दलाली यानंतर द्या, यूपीआयने, आणि पावती घ्या: एजंटचे नाव, पॅन, फ्लॅट क्रमांक, कराराची तारीख, रक्कम आणि 'या व्यवहाराची पूर्ण दलाली मिळाली' हे शब्द. 'पूर्ण' हा शब्द असला की रिन्यूअलच्या वेळचे बोलणे सोपे होते.

घर सोडताना

नोटीस ईमेल आणि व्हॉट्सअॅप दोन्हीकडे, शेवटच्या दिवसाच्या तारखेसह. शेवटचे दोन महिने भाडे न देता डिपॉझिटमधून वळते करायचा मोह होतो. मालकाची लेखी संमती असेल तरच करा, नाहीतर भाडे थकवल्याचा ठपका तुमच्यावर येतो. निघायच्या आठ दिवस आधी मालकाला घर पाहायला बोलवा आणि कापायच्या रकमा तेव्हाच लिहून घ्या. हिशेब असा सुटा असावा: डिपॉझिट ७५,०००, वजा फुटलेली काच, बिलाप्रमाणे १,८००, वजा अंतिम वीजबिलापोटी राखीव २,०००, देय ७१,२००. 'किरकोळ दुरुस्ती १५,०००' अशी गोळाबेरीज आली तर प्रत्येक कामाचे बिल मागा आणि पहिल्या दिवसाचा व्हिडिओ समोर ठेवा.

शेवटच्या दिवशी दोन ओळींचे पत्र दोन प्रतींत करा: 'फ्लॅट ७०४ चा रिकामा ताबा व चाव्यांचे दोन जोड आज मिळाले. डिपॉझिटपैकी ७१,२०० बँकेतून दिले, राखीव २,००० मधून अंतिम बिल वजा जाता उरतील ते दहा दिवसांत देईन.' खाली दोघांच्या सह्या, तारीख, वेळ. सोसायटीच्या कार्यालयात एक प्रत देऊन गेट पास घ्या, नाहीतर टेम्पो बाहेर सोडायला वॉचमन मालकाचा फोन मागतो, आणि मालकाचा फोन नेमका तेव्हाच लागत नाही.